इंग्रजीचं वर्कशीट रंगीत असलं की मुलं शिकतात का?

शाळा सुरू झाल्या की शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पिरॅमिड फिरायला लागतो, तुम्हीही बघितला असेल. वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, बघितलेलं ३० आणि स्वतः करून बघितलेलं थेट ९० टक्के. खाली बऱ्याचदा एडगर डेल यांचं नाव असतं. या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९४६ साली अनुभवांचा एक शंकू काढला होता हे खरंय, पण त्या शंकूत एकही टक्केवारी नव्हती, आकडे नंतर कुणीतरी चिकटवले. इतके गुळगुळीत, दहाच्या पटीतले आकडे माणसांवरच्या प्रयोगातून येत नसतात एवढं तरी बघून शंका यायला हवी होती. पण हा पिरॅमिड ट्रेनिंगच्या पीपीटीतही जाऊन बसलाय आणि त्याच्या जोरावर आठवी ते दहावीच्या इंग्रजीसाठी 'एंगेजिंग' साहित्य बनवा म्हणून सांगितलं जातं. मग जूनमध्ये पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात कार्डशीट, स्केचपेन, स्टिकर घेणारे शिक्षक दिसतात, खर्च स्वतःच्या खिशातून, कापाकापी रात्री जेवणं झाल्यावर. या मेहनतीबद्दल मला खूप आदर आहे, म्हणूनच ती कुठे लागते आणि कुठे वाया जाते हे सांगावंसं वाटतं.

दोन वर्कशीट घ्या. पहिलं वर्ड सर्च, म्हणजे अक्षरांचा चौकोन आणि त्यात धड्यातले दहा शब्द लपवलेले. मुलं अगदी तुटून पडतात, वर्ग एकदम शांत, सर खूश. पण मूल नेमकं काय करतंय ते जवळ जाऊन बघा. 'रिलक्टंट' हा शब्द शोधायचाय, तर ते फक्त आर नंतर ई, ई नंतर एल कुठे दिसतंय एवढंच बघतंय. अर्थ माहीत नसला तरी शब्द सापडतो, इंग्रजी अजिबात न येणाऱ्यालाही सापडेल. दुसरं वर्कशीट क्रॉसवर्ड. तेच दहा शब्द, तेवढाच कागद, पण इथे सूचना अशी की 'मुलाची पाण्यात उतरायची तयारी नव्हती, तो कसा होता?' आणि चौकटी रिकाम्या. आता मुलाला डोक्यातून शब्द उपसून काढावा लागतो. दिसायला दोन्ही खेळच, मजा साधारण सारखीच, पण मेंदूला मिळालेलं काम पूर्ण वेगळं.

हे 'उपसून काढणं' माझा सगळ्यात आवडता विषय आहे, त्यामुळे इथे जरा थांबतो.

२००८ साली जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी 'सायन्स' मासिकात एक प्रयोग छापला. कॉलेजच्या मुलांना स्वाहिली शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ अशा ४० जोड्या दिल्या, म्हणजे परकी भाषा शिकणंच, आपल्या वर्गासारखं. वाचायचं, मग परीक्षा, परत वाचायचं, परत परीक्षा असं चक्र. गंमत पुढे आहे. एखादा शब्द एकदा बरोबर आला की पुढे त्याचं काय करायचं हे गटागटाला वेगळं होतं. एका गटात तो परत वाचायलाही यायचा आणि विचारलाही जायचा, दुसऱ्यात वाचायला यायचा नाही पण विचारला जायचा, तिसऱ्यात वाचायला यायचा पण विचारला जायचा नाही, चौथ्यात दोन्ही बंद. त्या दिवशी सगळे गट सारखेच हुशार, जवळपास सगळे शब्द सगळ्यांना येत होते. आठवड्याने परत विचारलं तर ज्यांना विचारत राहिले होते त्या दोन्ही गटांना साधारण ८० टक्के शब्द आठवले आणि ज्यांना विचारणं बंद केलं होतं त्या दोन्ही गटांना ३५ टक्क्यांच्या आसपास. एकदा आलेला शब्द परत परत वाचून जवळजवळ काहीच फरक पडला नाही! आणि आठवड्यानंतर किती आठवेल याचा अंदाज मुलांना आधी विचारला होता, तर चारही गटांनी निम्मे म्हणून सांगितलं. म्हणजे कुठल्या पद्धतीने आपलं भलं होतंय हे शिकणाऱ्याला आतून कळत नाही, गाईड हायलाइट करत बसलेल्या मुलाला आपला अभ्यास झक्कास झाला असं अगदी प्रामाणिकपणे वाटत असतं.

असं का होतं याचं एक स्पष्टीकरण मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बियॉर्क यांच्या कामातून येतं. त्यांच्या मते आठवणीला दोन ताकदी असतात, एक म्हणजे ती किती खोल साठलीये आणि दुसरी म्हणजे ती आत्ता या क्षणी किती सहज हाताला लागतेय. नुकतं वाचलेलं सहज हाताला लागतं, पण म्हणून ते खोल साठलंय असं नाही. उलट जरा विसरायला झालंय आणि मग धडपडून आठवलं तर खोलीची ताकद जास्त वाढते.

यावरच कॉर्नेल, बियॉर्क आणि गार्सिया यांनी २०११ मध्ये एक सुंदर मांडणी केली. ती खडकवासल्याच्या पाण्यावरून सांगतो. समजा शब्द धरणाच्या काठाच्या उतारावर वेगवेगळ्या उंचीवर उभे आहेत आणि विसरणं म्हणजे चढत जाणारं पाणी. परत वाचलं की सगळे शब्द थोडे थोडे वर सरकतात. उत्तर न सांगता नुसती परीक्षा घेतली तर आठवलेले शब्द एकदम टेकडीवर चढतात आणि न आठवलेले जिथल्या तिथे. आता पाच मिनिटांनी मोजलं तर पाणी कमीच चढलंय, वाचणाऱ्यांचे सगळे शब्द कोरडे, म्हणून वाचणारे जिंकतात. आठवड्याने पाणी वर येतं तेव्हा थोडेसेच सरकलेले शब्द बुडतात आणि टेकडीवरचे तेवढे शिल्लक राहतात. म्हणजे सरासरी उंची कुणाची जास्त हा प्रश्नच नाही, उंच्यांची विभागणी कशी झालीये आणि तुम्ही कधी मोजताय यावर निकाल ठरतो. आणि परीक्षेनंतर लगेच बरोबर उत्तर दाखवलं तर मागे राहिलेले शब्दही वर येतात, म्हणून उत्तरं तपासण्याशिवायची चाचणी अर्धवट.

आता थोडं कडू बोलतो. मूल 'व्हिज्युअल' आहे की 'ऑडिटरी' हे ओळखून त्याप्रमाणे शिकवा या कल्पनेचा २००८ मध्ये पॅशलर आणि सहकाऱ्यांनी नीट आढावा घेतला, आणि तशी जुळवणी केल्याने मुलं जास्त शिकतात असं म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. बोटांचे ठसे घेऊन मुलाची शिकण्याची पद्धत सांगणारे आणि डोळ्यावर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे 'मिडब्रेन' क्लास तर त्याहून वाईट, त्यांना शास्त्राचा आधारच नाही आणि पालकांचे हजारो रुपये जातात. पत्रिका बघून शाखा निवडण्यात आणि यात मला काहीही फरक दिसत नाही.

रंग आणि चित्रं वाईट असं मी म्हणत नाहीये. पण हार्प आणि मेयर यांच्या १९९८ च्या प्रयोगांत, वीज कशी पडते या माहितीत विजेच्या अपघातांचे रंजक पण मुद्द्याला सोडून असलेले तपशील आणि चित्रं घातली तर वाचणाऱ्यांना मूळ प्रक्रिया कमी आठवली. कवितेच्या स्लाइडवर कोपऱ्यात नाचणारं कार्टून तेच करतं. चित्र अर्थाचं असेल तर जरूर टाका.

मग वर्गात काय करायचं? तास सुरू होताना पुस्तकं बंद, पाठकोऱ्या कागदाची चिठ्ठी, आणि फळ्यावर चार प्रश्न: एक कालचा, दोन गेल्या आठवड्यातले, एक जुलैतल्या कवितेतला. मार्क नाहीत, पाच मिनिटांत शेजाऱ्याबरोबर तपासायचं, बास. चाचणी म्हटलं की आपल्याकडे लगेच मार्क आणि पालकसभा आठवते, पण इथे मार्क लावले की मुलं अंदाज करायला घाबरतात आणि सगळा उद्देशच जातो. किती दिवसांनी परत विचारायचं? सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तेराशेहून जास्त लोकांवर हे तपासलं. आठवडाभरच लक्षात ठेवायचं तर मधे एक दिवसाचं अंतर चांगलं ठरलं, आणि जवळपास वर्षभर ठेवायचं तर तीन आठवड्यांचं. दहावीचा पेपर मार्चमध्ये असेल तर जुलैतली कविता ऑगस्टमध्ये एकदा अचानक विचारायला हवी, डिसेंबरच्या रिव्हिजनपर्यंत थांबून चालणार नाही.

वर्कशीटमध्येही छोटे बदल पुरतात. १९७८ मध्ये स्लामेका आणि ग्राफ यांनी काहींना 'रॅपिड – फास्ट' अशी जोडी वाचायला दिली, तर काहींना 'रॅपिड – एफ' एवढंच देऊन पुढचा शब्द स्वतः बनवायला लावला. स्वतः बनवलेले शब्द जास्त लक्षात राहिले. त्यामुळे समानार्थी शब्दांचा तयार तक्ता चिकटवण्याऐवजी त्याच तक्त्यात पहिलं अक्षर ठेवून बाकीचं खोडा. जोड्या लावा हा प्रश्न असेल तर उजव्या बाजूला दोन पर्याय जास्तीचे द्या, नाहीतर शेवटची जोडी न येताच जुळते. आणि क्रॉसवर्ड तर नववीच्या मुलांनाच बनवायला सांगा, सूचना इंग्रजीत लिहायची, धड्यातलं वाक्य उतरवायचं नाही, आणि 'अ' तुकडीने बनवलेलं 'ब' तुकडीने सोडवायचं.