लायनर बदलण्याआधी पेडल दाबून पाहा

ब्रेक लागत नाही म्हटलं की इलाज ठरलेला: ड्रम (चाकाबरोबर फिरणारं बिडाचं भांडं) उघडा, लायनर (आतून त्याला घासणारं अस्तर) बदला. जुन्या पद्मिनी-अॅम्बेसेडरवर हा खर्च बऱ्याचदा वाया जातो, कारण दोष कुठं आहे ते चाक काढायच्या आधी पेडलच सांगतं.

गाडी उभी करून पेडल भरभर तीन-चारदा दाबा. ते वर येत गेलं तर बहुधा शू (लायनर बसवलेली कमान) आणि ड्रममधलं अंतर वाढलंय. अॅडजस्टर, म्हणजे हे अंतर कमी-जास्त करायचा स्क्रू, फिरवून शू ड्रमला टेकवा, मग चाक मोकळं फिरेल इतकंच मागे घ्या. अंतर बरोबर असूनही पेडल स्पंजासारखं लागतंय? लाइनमध्ये, म्हणजे ब्रेक ऑइलच्या पाइपात, हवा आहे. तेल दबत नाही, हवा दबते. पायाचा जोर बुडबुडे चेपण्यातच संपतो. हवा काढायची ती साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की तेलाला दाब देणारा भाग) सगळ्यात लांबच्या चाकापासून.

आता पाय मिनिटभर तसाच दाबून धरा. पेडल हळूहळू खाली सरकतंय आणि चाकांपाशी, पाइपच्या जोडांवर कुठंच ओल नाही, तर मास्टर सिलिंडरचं रबर आतल्या आत तेल मागे सोडतंय. बाहेर थेंब पडत नाही म्हणून हा दोष लपून राहतो. अशा गाड्यांत बहुधा चारही चाकांना एकच लाइन असते, त्यामुळे यात चालढकल नको.

पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तेव्हा मात्र ड्रम उघडाच. लायनर काचेसारखा चकचकीत झालेला, तेल-ग्रीसनं भिजलेला किंवा व्हील सिलिंडर (चाकातला, शू ढकलणारा) जाम झालेला सापडेल. गाडी एका बाजूला ओढते तीही सहसा यामुळंच.

सगळ्यात चकवणारा दोष कन्नडचा औट्रम घाट उतरताना दिसतो. वर ब्रेक ठणठणीत, निम्म्या घाटात पेडल खोल जातं, खाली गाडी थंड झाली की पुन्हा ठीक. गॅरेजवाल्याला काहीच सापडत नाही. 230 मिलिमीटरचा बिडाचा ड्रम 200 अंशांनी तापला की त्याचा व्यास सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो, शूला तेवढं जास्त सरकावं लागतं. तापलेल्या लायनरची पकडही घटते. त्यातच तेल उकळलं तर वाफेचे बुडबुडे होतात.

लोक मराठवाड्याच्या उन्हाला बोल लावतात, पण खरा चोर पावसाळा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 3 दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की ही हमी 140 अंशांवर येते. म्हणून गाडी शेडमध्ये उभीच असली तरी दोन वर्षांनी तेल बदला, आणि घाट दुसऱ्या गिअरवर उतरा.

काम करताना ड्रममधली धूळ हवेच्या नळीनं उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा. सिलिंडरची रबरं डिझेल-पेट्रोलनं धुऊ नका. ती फुगतात आणि ब्रेक सुटायचेच थांबतात. धुवायला ताजं ब्रेक ऑइलच वापरा.