लिंबाखाली बाज, माळावर रानकांदा

एप्रिल लागला की आमच्याकडे सावलीतही प्रतवारी सुरू होते. पत्र्याखालची सावली नावालाच सावली; दुपारी तीनला तिथं बसलेला माणूस तव्यावरच्या भाकरीसारखा भाजतो. माळवदाखालची बरी. आणि सगळ्यात वरची लिंबाखालची. बाज तिथंच पडते, पत्ते तिथंच पिसले जातात, सोयरिकीही तिथंच ठरतात. (मराठवाड्यात लिंब म्हणजे कडुलिंब. पिळायचं ते लिंबू.)

त्याच दिवसांत गावाबाहेरच्या मुरमाड गायरानावर, कुसळी गवतसुद्धा वाळून पिवळं पडलेलं असताना, जमिनीतून एक उघडीबोडकी दांडी हात-दीड हात वर आलेली दिसते. पान एकही नाही. दांडीवर माना खाली घातलेली, मळकट पांढरी, हिरवट-तपकिरी रेघांची फुलं. हा रानकांदा, कुणी कोलकांदाही म्हणतं. शास्त्रीय नाव ड्रिमिया इंडिका. एक फूल पुरता दिवसभरही टिकत नाही, पण दांडीवर खालून वर क्रमानं कळ्या उमलत राहतात, म्हणून फुलोरा बरेच दिवस चालतो.

एकीकडे चाळीस-पन्नास फुटी झाड, दुसरीकडे मुठीत मावणारा कांदा. पण दोघं एकाच उन्हाळ्यात फुलतात, एकाच काळ्या पाषाणावर उभे राहून. हा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा थर. पावसाळ्याच्या चार महिन्यांत इथं सरासरी ६८० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही मनात आलं तर. उरलेले आठ महिने कोरडे. मग ऐन वैशाखात फुलायला या दोघांना पाणी येतं कुठून?

लिंबाचं आधी बघू. आमच्या भागात विहीर खोदताना काळी माती संपून मुरूम लागतो, मग कच्चा खडक, आणि त्या खडकाच्या भेगांतून कधी कधी लिंबाची मुळं लोंबताना दिसतात. वरचं झाड बरंच लांब असतं. वरची माती फेब्रुवारीतच सुकते, पण मुरमात आणि खडकाच्या फटींत ओल दडून असते आणि मुळं तिच्या मागावर उतरत जातात.

खाली पाणी सापडलं, पण ते शेंड्यापर्यंत चढवायचं कसं? विहिरीच्या काठावर मोटर ठेवलेली असेल तर पाणी पंचवीसेक फुटांखाली गेलं की ती नुसती घरघरते, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. हवेच्या दाबाच्या बळावर पाणी ओढण्याची हद्द कागदावरसुद्धा ३४ फुटांपलीकडे जात नाही. लिंबाला ही हद्द लागू होत नाही, कारण त्याची युक्ती वेगळी आहे. १८९४ साली डिक्सन आणि जॉली या दोन आयरिश शास्त्रज्ञांनी ती मांडली. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. लाकडातल्या बारीक नळ्यांत पाण्याची जणू अखंड दोरी असते. पानांच्या सूक्ष्म रंध्रांतून पाण्याची वाफ होऊन जाते तशी ती दोरी वरून ओढली जाते. कडक उन्हाळ्यात या दोरीवरचा ताण हवेच्या दाबाच्या वीसपट आणि त्याहूनही जास्त होऊ शकतो. फार ताणलं तर नळीत बुडबुडा शिरतो, दोरी तुटते आणि ती नळी बाद होते. म्हणून बहुतेक झाडं भर दुपारी रंध्रं बरीचशी मिटून घेतात. सकाळी कामं उरकून दुपारी बाजेवर आडवं होणाऱ्या माणसाचाच हा शहाणपणा.

पत्र्याखाली न मिळणारा गारवा लिंबाखाली मिळतो, तो या वाफेमुळं. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता शोषली जाते. समजा एखाद्या झाडानं दिवसात १०० लिटर पाणी वाफेवाटे सोडलं, तर ती उष्णता दीड टनाचा एसी बारा-तेरा तास चालवून खोलीबाहेर फेकता येईल एवढी भरते. अर्थात झाडाखाली भिंती नाहीत, वारा वाहता असतो, त्यामुळं सगळा गारवा काही बाजेवर उतरत नाही. पण पान स्वतः फारसं तापत नाही, हे महत्त्वाचं. शिवाय लिंबाची पानं बारीक, चिरलेली. झुळुकीलाही त्यांच्या अंगची उष्णता चटकन उचलता येते. पत्रा मात्र हात लावू देत नाही इतका तापतो आणि ती धग खाली बसलेल्याच्या टाळूवर सोडत राहतो. लिंबाची सावली म्हणजे नुसतं अडवलेलं ऊन नव्हे; झाडानं खर्चलेलं पाणीही तिच्यात धरायला हवं.

रानकांदा असा खर्च करतच नाही. त्याचं गणित कळायला साठवणीच्या चाळीतला घरचा कांदा हातात घेतला तरी पुरे. आपण बटाटा, रताळं, हळद, सुरण सगळ्यांना सरसकट कंद म्हणतो, पण ही मंडळी एका घरातली नव्हेत. रताळं हे फुगलेलं मूळ. बटाटा आणि वसमतची हळद हे जमिनीखालचं खोड. कांदा उभा चिरा: तळाशी एक चपटी चकती दिसेल, तेवढंच त्याचं खोड. बाकी सगळे पापुद्रे म्हणजे पानांचे फुगलेले बुडखे. मधोमध कोंब झोपलेला, बाहेर दोन-तीन वाळकी सालं पाणी अडवायला. चाळीत ठेवलेला कांदा माती-पाण्याशिवाय कोंब काढतो, तो आतल्या शिदोरीवर. रानकांदा वैशाखात दांडी काढतो तीही अशीच.

ही शिदोरी कसली, ते घरी तपासता येतं. चिरलेल्या बटाट्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका, तो निळा-काळा पडतो, ते पिष्ट, म्हणजे स्टार्च. कांद्यावर टाका, तसं काही होत नाही. कांद्याच्या साठ्यात फ्रुक्टन असतं, म्हणजे फळातल्या साखरेची साखळी. रानकांद्याच्या भूमध्य समुद्राकाठच्या भावंडातूनही ते काढतात. पिष्ट पाण्यात विरघळत नाही, फ्रुक्टन विरघळतं आणि तोडलं की लगेच साखर हाताशी येते.

खरी गंमत शिदोरी भरण्याच्या वेळेत आहे. पानाला अन्न करायचं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यावा लागतो, त्यासाठी रंध्रं उघडावी लागतात आणि उघडली की वाफ निसटते. कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे पाण्याचे शेकडो रेणू जातात. हा भाव वर्षभर सारखा नसतो. मे महिन्यातली ४२ अंशांची, १५ टक्के आर्द्रतेची दुपार घ्या आणि ऑगस्टमधली २८ अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची घ्या. दोन्ही हवांची तहान, म्हणजे आणखी वाफ शोषायची ओढ, गणितानं मांडली तर मेची सुमारे नऊपट भरते. रानकांद्याची पानं पहिल्या पावसानंतर येतात, पाणी स्वस्त असेतोवर कमावतात आणि ओल सरली की वाळून जातात. महागाईच्या महिन्यांत दुकानाला कुलूप. लिंबाचं दुकान जवळजवळ बारमाही उघडं. पानगळ झाली न झाली तोच चैत्राची तांबूस पालवी हजर, पाडव्याच्या गुढीला.

त्या खर्चाला धाडस लागतं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेत पाच लाख लिटर. त्याच लातुरातल्या लिंबांना पालवी होती आणि त्यांना कुणी टँकर लावला नव्हता.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. लिंबाच्या बुंध्यातलं बहुतेक लाकूड मेलेलं असतं. पाणी वाहणाऱ्या नळ्या तर मेल्यावरच कामाला लागतात. जिवंत थर सालीलगत, बाकी जुन्या वर्षांचा ढिगारा, पण त्याच ढिगाऱ्यावर झाड उंच उभं राहतं. कांद्याला लाकूड नाही. त्याचे पापुद्रे मोजून वय निघत नाही, कारण बाहेरचे वाळून जातात आणि आतून नवे येतात. कांदा कितीही जुना असला तरी त्याच्या अंगावर जुनं काही उरत नाही. अशा बऱ्याच कांद्यांची मुळं आकसतात आणि कांद्याला दरवर्षी थोडं खाली ओढतात, तापत्या मातीपासून दूर. वरून कुणी उकरलाच, तर आत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारं विष आहे. कांदा म्हणून तो चुकूनही चाखू नये. शेळ्यासुद्धा सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत, आणि शेळी जे टाळते त्याचा मान ठेवावा.

माळाबद्दल थोडं बोलावंसं वाटतं. मराठवाड्यात झाडं कमी आहेत हे खरं, आणि रस्त्याकडेला, बांधावर, शाळेच्या आवारात लिंब लावावेत तेवढे थोडेच. पण रोपं लावायला 'मोकळी' जागा म्हणून हमखास गायरान निवडतात आणि ओळीनं खड्डे पाडतात. माळ मोकळा दिसतो, कारण तिथली वस्ती आठ महिने जमिनीखाली असते. खड्ड्यातून निघालेल्या मुरमाच्या ढिगावर पांढरे कांदे उताणे पडलेले मी पाहिलेत. रोपं त्याच उन्हाळ्यात वाळली.

दोघांचं वेळापत्रक मात्र शेवटी एका ठिकाणी येऊन मिळतं. वैशाखात फुलल्यामुळं रानकांद्याची बोंडं पावसाच्या तोंडावर उकलतात आणि कागदासारखं चपटं काळं बी वाऱ्यावर पांगतं. लिंबाचा मोहोरही उन्हाळ्यातला, म्हणून लिंबोळ्या ऐन आषाढात पिकून पडतात, आणि त्यांच्या बियांची रुजण्याची ताकद काही आठवड्यांतच ओसरू लागते. पावसाआधी तयारी झाली नाही तर दोघांचंही वर्ष वाया. मृगाचा एखादा दणका झाला की माळावर रानकांद्याची हिरवी पाती फुटतात. महिन्याभरात लिंबाखालची बाज घरात जाते आणि तिच्या जागी, चिखलात, लिंबोळ्यांचा गोडसर कुजका वास सुटतो. मैना आणि बुलबुल तिथं दिवसभर भांडत असतात.