पाळकांकडे हिशेब मागणं म्हणजे अविश्वास नव्हे

‘दानाचा हिशेब देवाजवळ, पाळकांना विचारायचा नसतो,’ असं पाळकांबद्दल, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंबद्दल, ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. बायबल उलटंच सांगतं. यरुशलेमेतल्या गरीब भावंडांसाठी वर्गणी जमली, तेव्हा प्रेषित पौलाने ती एकट्याच्या हाती ठेवली नाही; मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला. कारणही त्याने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (अध्याय ८) आहे: एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी बोट दाखवू नये, व्यवहार देवासमोर तसा माणसांसमोरही चोख दिसावा. प्रेषितच इतका जपत होता, मग आपण का संकोचायचं?

कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत तर प्रत्येक धर्मग्रामाला (पॅरिशला) अर्थसमिती सक्तीची आहे (कलम ५३७). महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या चर्चच्या विश्वस्तांना १९५० च्या कायद्याने नियमित हिशेब ठेवावेच लागतात.