बॅडमिंटन: मनगटाकडून पायांकडे
पुण्यातल्या कुठल्याही बॅडमिंटन हॉलमध्ये सकाळी सहाला डोकावलं, तर फूल (शटलकॉक) उडण्याआधी बुटांची करकर ऐकू येते. पोरं शॅडो करत असतात. फूल नाही, समोर कोणी नाही, नुसतं कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन मधे परत यायचं. बाकावरच्या पालकांना हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो.

इथल्या छावणीतले इंग्रज अधिकारी बॅडमिंटनचा जो जुना अवतार खेळत, त्याचं नावच 'पूना'. १८७३ च्या सुमारास त्याचे नियम इथेच लिहिले गेले (हे पुणेकर न विचारताही सांगतात). पुढे इंग्लंडात कोर्ट डमरूसारखं होतं, नेटपाशी निमुळतं. १९०१ मध्ये ते आयताकृती झालं आणि नेटजवळचे दोन्ही कोपरे राखणं आलं. आज सिंगल्सला आपल्या बाजूला ६.७० बाय ५.१८ मीटर जागा असते.

तरी कौतुक बराच काळ मनगटाचंच होत राहिलं. सांगलीत जन्मलेल्या, नंतर पुण्यात राहिलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ मध्ये भारताला बॅडमिंटनमधलं पहिलं आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं; त्यांच्या स्ट्रोक्सबद्दल जुनी मंडळी अजून बोलतात, पायांबद्दल क्वचितच. मग १९६८ पासून इंडोनेशियाच्या रुडी हार्टोनोने वेगाच्या जोरावर आठ वेळा ऑल इंग्लंड ही मानाची स्पर्धा जिंकली. २००६ मध्ये २१ गुणांची पद्धत आली, सर्व्हिस कोणाचीही असो, दर रॅलीला गुण मिळू लागला आणि सर्व्हिस नसताना सैल खेळणं महाग पडू लागलं.

माझ्या मते खरी गंमत लंजमध्ये, म्हणजे एक पाय लांब टाकून फुलापर्यंत पोचण्यात आहे. प्रतिस्पर्धी फूल मारतो त्याच सुमारास खेळाडू चवड्यांवर बारीकशी उडी घेतो. टेकताना पोटऱ्या ताणल्या जातात आणि त्याच ताणातून पुढचा रेटा मिळतो. नेटपाशी रॅकेटच्या बाजूचा पाय लांब पडतो: आधी टाच, मग तळवा, बोटं जायच्या दिशेला. शरीराचा सगळा वेग मांडीचे पुढचे स्नायू ताणले जाता जाता थोपवतात, आणि लगेच मागेही ढकलतात. गुडघा आत वळला की लिगामेंटवर, म्हणजे हाडं जोडणाऱ्या बंधावर, येतं. स्पेनची ऑलिंपिक विजेती कॅरोलिना मारिन हिचा उजवा गुडघा २०१९ मध्ये गेला, डावा २०२१ मध्ये, आणि २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात आघाडीवर असताना पुन्हा उजवा.

हॉलमध्ये आता फूल आलेलं असतं. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी नेटपलीकडे अलगद पडणारा सुरेख ड्रॉप टाकते, बाकावरून टाळी पडते. कोचचं लक्ष तिच्या बुटाकडे.

"टाच कुठंय? परत."