प्रोटॉनचा शेक म्हणजे पेशंटवर प्रयोग? नाही बावा

आमच्याकडे कॅन्सरचा विषय निघाला की पारावर कोणीतरी म्हणतेच, "ते प्रोटॉनचं मशीन नवीन हाय, आपल्यावरच प्रयोग करून रायले." राजेहो, तसं नाही. प्रोटॉन म्हणजे अणूतला बारीक कण, त्याचा झोत सोडून कॅन्सरच्या पेशी मारतात. रॉबर्ट विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञानं ही कल्पना 1946 मध्ये मांडली अन् 1954 मध्ये अमेरिकेत बर्कलीला पेशंटवर उपचार सुरू झाले, तेव्हा आपला विदर्भ मध्य प्रदेशात होता!

अन् प्रयोग आधी होतात ते बशीतल्या पेशींवर. बशीत कॅन्सरच्या पेशी ठेवून प्रोटॉन सोडतात, मग किती पेशी पुन्हा वाढल्या ते मोजतात, आपण गोणपाटात सोयाबीनचे 100 दाणे गुंडाळून उगवण पाहतो ना, अगदी तसंच.

मग उंदीर. इथं खरी गंमत आहे. प्रोटॉन ठराविक खोलीवर थांबतो अन् थांबता थांबता सगळ्यात जास्त मार देतो, पण 70 एमईव्हीचा (एमईव्ही म्हणजे प्रोटॉनचा जोर मोजायचं माप) प्रोटॉन पाण्यात 4 सेंटीमीटर जातो, अन् उंदीर केवढासा, म्हणजे आरपारच! म्हणून मधात प्लास्टिकचा ठोकळा लावून त्याचा जोर कमी करतात.

प्रोटॉनचा परिणाम एक्स-रेच्या 1.1 पट धरतात तो आकडा अशाच प्रयोगांतून आला. पण प्रोटॉन थांबतो त्या जागी हा आकडा 1.1 पेक्षा जास्त भरतो, म्हणून उंदरांवर काम अजून चालूच आहे. अन् माणसाला ट्रायलमध्ये घ्यायचं तर आधी लेखी संमती लागते, सही केल्याशिवाय नाही.