दुधाची फॅट आणि १४ व्या गुणसूत्रावरचे जनुक

दूध संघाच्या दरात गायीच्या दुधाचा पाया ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन पदार्थ). फॅट वैरण, ऋतू आणि वेताप्रमाणे हलते. तरीही एकाच गोठ्यात, एकाच चाऱ्यावर दोन गायींची फॅट वेगळी लागते. यातला काही भाग आनुवंशिक. तो नेमका कोणत्या जनुकात आहे, याचा शोध दोन टोकांकडून लागला.

पहिले टोक कळपांच्या नोंदींचे. १९९०च्या दशकात होल्स्टीन वळू, त्यांचे मुलगे आणि त्या मुलग्यांच्या लेकींच्या दुधाच्या नोंदी जुळवून फॅटवर मोठा परिणाम करणारी जागा १४ व्या गुणसूत्राच्या सेंट्रोमियरकडच्या (गुणसूत्राच्या सांध्याकडच्या) टोकाला दिसली. बेल्जियममधल्या लीज विद्यापीठाच्या गटाने ती ३ सेंटीमॉर्गनपर्यंत (गुणसूत्रावरचे आनुवंशिक अंतर मोजण्याचे एकक) आवळली. पण तेवढ्या पट्ट्यातही बरीच जनुके असतात.

दुसरे टोक उंदराचे. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात उंदराचे डीजीएटी-१ हे जनुक क्लोन झाले, म्हणजे वेगळे काढून ओळखले गेले. डायग्लिसराइडला तिसरे स्निग्धाम्ल जोडून ट्रायग्लिसराइड करणे, ही शेवटची पायरी या जनुकाचे एन्झाइम करते. २००० मध्ये हे जनुक बंद केलेले उंदीर चरबीच्या खाद्यावरही लठ्ठ होईनात, आणि माद्यांना तर दूधच येईना. मग गायीच्या त्याच पट्ट्यावरचे बॅक क्लोन (जिवाणूंत साठवलेले डीएनएचे मोठे तुकडे) रांगेत लावून पाहिले, तर डीजीएटी-१ तिथेच सापडले. २००२ मध्ये लीज आणि म्युनिकच्या गटांनी स्वतंत्रपणे एकच फरक दाखवला: जनुकाच्या आठव्या एक्सॉनमध्ये (प्रथिनाचा संकेत असलेल्या तुकड्यात) एए या दोन बेसच्या जागी जीसी, म्हणून एन्झाइमच्या २३२ व्या जागी लायसिन या अमिनो आम्लाऐवजी अॅलॅनिन. लायसिनचा 'के' प्रकार (अॅलॅनिनचा तो 'ए') फॅट वाढवतो, पण दूध आणि प्रथिनाचे उत्पादन घटवतो. २००४ मध्ये कीटकपेशींत दोन्ही एन्झाइमे बनवून मोजली, तेव्हा 'के'चा वेग जास्त भरला. विषय तिथे मिटला नाही: हाच बदल आरएनएच्या स्प्लायसिंगवरही (आरएनएचे तुकडे कापून जोडण्यावर) परिणाम करतो, असे २०२० मध्ये पुढे आले.

'के' हा मूळ प्रकार. २००६ मध्ये तपासलेल्या देशी गायी आणि म्हशींच्या जातींत तोच स्थिर झालेला, म्हणजे सर्व जनावरांत तोच एक, आढळला. त्यामुळे शुद्ध देशी गाय किंवा म्हशीत निवडीसाठी २३२ तपासणे म्हणजे पैसे वाया घालवणे. तपासणीला अर्थ आहे तो होल्स्टीन संकरित गायीत, कारण 'ए' त्या वळूकडून येतो.

रूढ चाचणीत ४११ बेसचा डीएनएचा तुकडा पीसीआरने वाढवून (त्याच्या असंख्य प्रती करून) डीएनए कापणाऱ्या सीएफआर-१ एन्झाइमने कापतात. 'ए' कापला जाऊन २०३ आणि २०८चे तुकडे होतात. 'के' अखंड राहतो. ते दोन तुकडे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या साध्या अॅगरोज जेलवर एकच पट्टा दिसतात, यात बिघाड काही नाही. या भागात जी आणि सी हे बेस जास्त, म्हणून पीसीआर अडतो. ५ टक्के डीएमएसओ हे द्रावक घातल्यावर बहुधा सुटतो. खरा धोका कापणीत आहे. एन्झाइम कमी पडले तर 'एए' जनावर (दोन्ही प्रती 'ए' प्रकारच्या) 'केए' वाचले जाते. आणि देशी जनावरांच्या जेलवर सगळे पट्टे ४११वर दिसले, तर सगळी 'केके' आहेत की एन्झाइमच मेले आहे, हे जेल पाहून सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक खेपेला सिक्वेन्स करून खात्री केलेला 'एए' होल्स्टीनचा डीएनए शेजारच्या खाचेत चालवावा. तो पूर्ण कापला गेला नसेल तर ती अख्खी खेप रद्द.