अभिनिवेश

अभिनिवेश म्हणजे एखादं मत इतकं घट्ट धरून बसणं की समोरचा काय सांगतोय ते कानावर पडूनही आत जात नाही. ‘अभिनिवेशाने बोलतो’, ‘पक्षाभिनिवेश’ वगैरे वापर सगळ्यांच्या ओळखीचे आहेत, त्यामुळे त्यावर जागा घालवत नाही.

घोळ आहे तो मूळ अर्थाचा. अभि + नि + विश् (शिरणं) अशी फोड, म्हणजे आत शिरून तिथेच ठाण मांडणं. यात मुळात वाईट असं काही नाही. पाणिनीने तर यासाठी वेगळं सूत्रच दिलंय (१.४.४७, अभिनिविशश्च), की जिथे शिरायचं ती जागा इथे अधिकरण (क्रियेचं ठिकाण) न राहता कर्म होते, म्हणून ‘सन्मार्गम् अभिनिविशते’ अशी द्वितीया, पण मग ‘पापे अभिनिवेशः’ इथे सप्तमी कशी चालते यावर वैयाकरणांनी कीस पाडलाय. आपल्या कामाचं एवढंच, की ठाण मांडायला सन्मार्गही चालतो.

योगसूत्रांत हा पाच क्लेशांतला, म्हणजे मनाला दुःखात अडकवणाऱ्या दोषांतला, शेवटचा. २.९ ची व्याख्या अशी की आपल्याच ओघाने वाहणारा आणि विद्वानातसुद्धा तसाच रुजलेला (‘तथारूढो’, काही प्रतींत ‘समारूढो’). व्यासभाष्य (योगसूत्रांवरची जुनी टीका) याचा अर्थ मरणाची भीती असा करतं, नुकत्याच जन्मलेल्या किड्यालाही ती असते म्हणून पूर्वजन्म मानायला हवा असा युक्तिवादही तिथे आहे. योगसूत्रांचा कर्ता आणि पाणिनीच्या व्याकरणावर महाभाष्य लिहिणारा पतंजली एकच मानले तर सूत्रांचा काळ इ.स.पू. २ऱ्या शतकाच्या आसपास जातो, पण इ.स. ४थं-५वं शतक हा अंदाज जास्त पटण्यासारखा आहे. मत गेलं की आपणच संपलो असं माणसाला वाटतं, त्यामुळे दोन्ही अर्थ जोडता येतात खरे, पण मराठी अर्थ इथूनच आला असेल असं वाटत नाही.

त्याला जवळचे धागे श्रमण परंपरेत, म्हणजे बौद्ध-जैनांकडे, सापडतात. बौद्धांच्या पाली ग्रंथांत मनाच्या चार गाठी सांगितल्यात, त्यातली एक ‘इदंसच्चाभिनिवेस’, म्हणजे हेच काय ते खरं. सुत्तनिपाताच्या अट्ठकवग्गात, जो बहुधा बराच जुना भाग आहे, मतांची ही बैठक सहज ओलांडता येत नाही असं म्हटलंय (धर्मानंद कोसंबींचं मराठी भाषांतर आहे). तराफ्याचा दृष्टान्तही याच अंगाचा, नदी पार झाली तरी तराफा डोक्यावर घेऊन चालणारा माणूस, आणि तराफा म्हणजे खुद्द बुद्धाचा धम्म!

जैनांकडे, विशेषतः श्वेतांबर ग्रंथांत, मिथ्यात्वाचे (चुकीच्या श्रद्धेचे) पाच प्रकार आहेत. त्यातलं ‘आभिनिवेशिक’ म्हणजे खरं काय ते कळतंय तरी हट्ट सुटत नाही, नुसत्या अज्ञानापेक्षा वेगळी गोष्ट. दाखला जमालीचा देतात. हा महावीरांचा जावई आणि शिष्य. आजारपणात त्याने अंथरूण झालं का विचारलं, तर ते अजून घालणं चालू होतं, त्यावरून ‘केलं जातंय ते केलंच’ हे महावीरांचं वचन चूक असं त्याने ठरवलं, आणि पुढे समजावूनही तो परत फिरला नाही.